गाडलेलं काम विकायचं असेल, तर पुरावा विका



सिंधुदुर्गातल्या तरुण मुलामुलींकडून मला जे प्रश्न येतात, ते बहुतेक एकाच वळणाचे असतात. "सर, होमस्टे टाकू का?" "सर, तारकर्लीत कॅफे चालेल का?" "सर, स्कूबासाठी पर्यटक आणून द्यायचं कमिशन कसं असतं?"

सगळ्यांची नजर समुद्राकडे. त्यात चूक काहीच नाही. १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि मे महिन्यात मालवणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण एक गोष्ट बघा. तुमच्या वाडीत जी नवी खोली बांधली जाते, तिला संडास-बाथरूम असतंच. त्या प्रत्येक संडास-बाथरूममधून एक पाईप जमिनीत जातो. तो पाईप टाकतं कोण? गवंडी टाकतो, कारण तो तिथे असतोच. नाहीतर नळाचं काम करणारा टाकतो, त्याला वेळ मिळाला तर. फक्त हेच काम नीट करणारा माणूस शोधायला गेलात, तर पंचक्रोशीत दोन नावं मिळणं कठीण.

माझं मत स्पष्ट आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यात होमस्टेच्या रांगेत शेवटचं उभं राहण्यापेक्षा, त्या रांगेतल्या सगळ्यांना लागणारं हे काम हातात घ्या. घराबाहेरची, जमिनीखालची ड्रेनेज लाइन: चर, पाईप, चेंबर, टाकीपर्यंतची जोडणी. मात्र एक अट आहे. हे काम गाडलं जातं. गिऱ्हाईकाला ते दिसत नाही. म्हणून इथे पाईप विकून भागणार नाही, पुरावा विकावा लागेल. कसा, ते खाली सांगतो. पाईप कापायचा-जोडायचा कसा, ते व्हिडिओत दाखवलंय. इथे धंद्याचं बोलू.

हे काम इथेच का?

आपल्या गावांत सार्वजनिक गटार योजना नाही. ज्याचं घर, त्याची टाकी, त्याचा शोषखड्डा. म्हणजे घर तितक्या लाइनी.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट भागातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला होता. अभिमानाची गोष्ट आहे. संडास बांधायचं काम आपण केलं. पण संडास बांधला म्हणजे पुढची व्यवस्था झाली असं नाही. जुन्या घरात संडास परसात, लांब कोपऱ्यात असायचा आणि न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं. आता खोलीला लागून बाथरूम हवं. तेच घर, तीच परसातली टाकी, पण लाइन घराच्या जोत्याखालून फिरवून न्यायची. हे काम नव्या बांधकामापेक्षा अवघड आहे, आणि अवघड आहे म्हणूनच त्यात पैसा आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे चाकरमानी. त्याचं घर दहा महिने बंद. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी सुकतं, आणि ट्रॅपमधलं पाणी हाच तर वास अडवणारा दरवाजा. तो सुकला की टाकीचा वास आणि झुरळं सरळ घरात. मग चतुर्थीला दार उघडलं की पहिलं वाक्य, "काहीतरी मेलंय वाटतं." त्यात त्या बंद घरात एकदम पंचवीस माणसं पाच दिवस राहणार. अशा वेळी लाइन तुंबली, तर गौरी-गणपतीत माणूस मिळत नाही, पैसे देऊनही मिळत नाही.

तिसरं गिऱ्हाईक होमस्टेवाला. टाकीच्या मापाचं भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्यात पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची एक मीटर खोली असलेली टाकी दिली आहे. वीस माणसांसाठी तीच टाकी २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर खोल होते. गुणाकार करून बघा, जवळजवळ तिप्पट. आता आपल्याकडे काय होतं? घर पाच माणसांचं, टाकी पाच माणसांची. वर सहा खोल्या चढवल्या, नाताळात अठरा पाहुणे आले, टाकी मात्र तीच. खोल्यांचे फोटो सुंदर, आणि मागच्या बाजूला ओली जमीन. पाहुणा परत जाऊन काय लिहितो, ते तुम्हाला माहीत आहे.

आधी विहीर बघा, मग पाईप

या धंद्यात खरी जोखीम पैशांची नाही. ती विहिरीची आहे.

आपल्याकडे दारात विहीर असते आणि घर तेच पाणी पितं. समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातसुद्धा दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी जपायचं म्हणजे काय, हे या किनाऱ्याला वेगळं शिकवायला नको. आणि त्याच विहिरीपासून वीस फुटांवर आपण शोषखड्डा खणतो, का तर परसात तेवढीच जागा मोकळी होती.

मानक सांगतं की शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा. मी म्हणेन, आपल्याकडे ही शेवटची मर्यादा समजा. कारण आपली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, त्यात भेगा आणि पोकळ्या. मातीतून पाणी गाळत गाळत जातं, भेगेतून ते धावत जातं. देवबाग-तारकर्लीकडे प्रश्न वेगळा आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात तिथे थोडं खणलं तरी पाणी लागतं. तिथला खोल शोषखड्डा म्हणजे मैलापाणी थेट भूजलात सोडणं. अशा जागी शोषणाची व्यवस्था जमिनीच्या वर, भराव घालून करावी लागते, किंवा टाकीनंतर गाळणीची दुसरी टाकी द्यावी लागते. त्यासाठी इंजिनिअरला बोलवा. त्याची फी गिऱ्हाईकाकडून घ्या, पण बोलवा.

एका घराच्या लाइनीने काय होऊ शकतं, याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १८५४ मधलं आहे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पटकी पसरली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी पंपावर बोट ठेवलं. नंतर खणून पाहिलं तेव्हा कळलं की शेजारच्या एका घराचा मैल्याचा खड्डा पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता, आणि त्याचं विटांचं बांधकाम झिजून पाणी झिरपत होतं. एका घराचा खड्डा आणि खराब बांधकाम, बस एवढंच.

म्हणून माझा पहिला नियम: साइटवर गेल्यावर टेप काढा आणि सगळ्यात आधी विहिरीपासूनचं अंतर मोजा. घरमालकाची विहीर मोजाच, पण गडग्यापलीकडची शेजाऱ्याचीही मोजा. अंतर बसत नसेल तर काम घेऊ नका. "दादा, इथे खड्डा केला तर उद्या तुमचीच बाव खराब होणार, मी करणार नाही," हे वाक्य बोलायला शिका. सुरुवातीला एखाददुसरं काम हातचं जाईल. पण गावात एकदा कळलं की हा माणूस विहिरीसाठी काम सोडतो, की लोक तुम्हाला पाईप टाकण्याआधी बोलावतील. आधी बोलावणं येणं म्हणजेच धंदा बसणं.

आणि हे पाणी शेवटी जातं कुठे? खाडीत आणि समुद्रात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. पर्यटक पाण्याखालचं जे बघायला येतात, ते आपणच घाण केलं तर होमस्टेही गेला आणि स्कूबाही गेलं.

उतार हाच तुमचा माल

घरगुती लाइनीत पंप नसतो. सगळं काम उतार करतो. म्हणून "अंदाजे दिलाय उतार" असं म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही सहज मागे टाकू शकता.

जुना, सोपा नियम लक्षात ठेवा. चार इंची लाइनीला ४० ला १, सहा इंचीला ६० ला १. म्हणजे चार इंची पाईपाला दर दहा फुटाला तीन इंच उतार, सहा इंचीला दर दहा फुटाला दोन इंच. आता हिशोब करू. बाथरूमपासून टाकीपर्यंत ५० फूट. चार इंची लाइन. उतार लागेल १५ इंच. पहिल्या चेंबरात पाईप जमिनीखाली एक फुटावर असेल, तर टाकीपाशी तो २७ इंचांवर येणार. टाकीचं तोंड आधीच १८ इंचांवर ठेवून बांधलं असेल तर? नऊ इंच कमी पडले. मग गवंडी काय करतो, पाईप जवळजवळ सपाट टाकतो आणि बुजवतो. पुढच्या वर्षी ती लाइन तुंबते आणि दोष पाईपाच्या कंपनीला जातो.

म्हणून टाकी बांधण्याआधी लाइनीची पातळी ठरली पाहिजे. उतार उगाच जास्त दिलात, तर टाकी विनाकारण खोल जाते. आपल्याकडे खोल जाणं म्हणजे जांभा फोडणं किंवा पाण्यात काम करणं. दोन्ही महाग. या हिशोबाला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक लेव्हल पाईप, दोरी, टेप आणि वही पुरते. फक्त दर काही फुटांवर खुंटी मारून माप लिहून ठेवायची शिस्त लागते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात:

- जमिनीखाली टाकायला आयएस १५३२८ चा पाईप मागा. साधारणपणे विटकरी रंगाचा असतो. भिंतीवरून उतरणारा एसडब्ल्यूआर पाईप (आयएस १३५९२) वेगळा. दुकानदार "काय फरक पडतो" म्हणेल. वरून गाडी जाणार असेल तर फरक पडतो.
- जांभ्यात खणलेल्या चराच्या तळाला टोकं असतात. थेट त्यावर पाईप ठेवलात तर वजनाने तो तिथेच दबतो. खाली चार इंच वाळू किंवा ग्रीट घाला, बाजूनेही तेच भरा, मोठे दगड वरून टाकू नका.
- काम खालच्या टोकाकडून वर न्या. पाईपाचं रुंद तोंड वरच्या बाजूला.
- प्रत्येक वळणावर आणि जोडावर चेंबर. नव्वद अंशाचा कडक बेंड जमिनीखाली टाळा.
- गाडी जाणार तिथे पाईपावर तीन फूट भराव, नाही जमलं तर काँक्रीटचं कवच.
- वाळूच्या जमिनीत किंवा ओल्या चरात रिकामा पाईप तरंगतो. रात्री पाऊस आला की सकाळी अख्खी लाइन वर आलेली दिसते. जेवढं टाकलं, तेवढं त्याच दिवशी तपासून दाबा.
- छपराचं पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. कोकणातल्या पावसात टाकीतला मैला ढवळून बाहेर फेकला जातो.
- होमस्टेच्या स्वयंपाकघराला तेल अडवणारं चेंबर वेगळं द्या. आपलं जेवण खोबऱ्याचं. खोबरेल तेल थंडीत गोठतं, लाइनीतही गोठतं, आणि त्यावर माशांची खवलं बसतात.
- टाकीचा वास पाईप छपराच्या वर न्या आणि तोंडाला जाळी बसवा. नाहीतर डासांचा कारखाना सुरू झालाच समजा.

बुजवण्याआधी पुरावा

आता मुख्य मुद्दा. तुमचं गिऱ्हाईक लालबागला किंवा डोंबिवलीला बसलंय. त्याला गावाहून काकांचा फोन जातो, "काम बरा झाला." त्या फोनवर तो हजारो रुपये पाठवतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर?

त्याला चार गोष्टी द्या.

पहिली, पाण्याची चाचणी. लाइनीचं खालचं तोंड बुचाने बंद करा, वरच्या चेंबरापर्यंत पाणी भरा, पातळीला खडूने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी खाली गेलं तर सांधा गळतोय. सांधा गळाला की ओल शोधत झाडांची मुळं आत येतात. परसात माड, फणस, आंबा असलेल्या जिल्ह्यात ही किरकोळ गोष्ट नाही.

दुसरी, आरशाची चाचणी. दोन चेंबरांच्या मध्ये एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला आरसा. आरशात प्रकाशाचा पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. गोल कापलेला दिसला तर मध्ये कुठेतरी झोल आहे.

तिसरी, चेंडू. पाईपाच्या आतल्या मापापेक्षा अर्धा इंच लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडायचा, खाली निघाला पाहिजे. आत सिमेंटचा गोळा किंवा पाईपाचा तुकडा राहिला असेल तर चेंडू सांगतो.

चौथी, नकाशा. साधा, हाताने काढलेला चालेल. घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक चेंबर किती फुटांवर, पाईप किती खोल, विहीर किती लांब. दहा वर्षांनी कोणी माड लावायला खड्डा खणेल किंवा नवी खोली काढेल, तेव्हा या कागदाची किंमत कळेल.

चराच्या बाजूला टेप धरून फोटो, तिन्ही चाचण्यांचे छोटे व्हिडिओ आणि हा नकाशा. सगळं बुजवण्याच्या आधी मालकाच्या व्हॉट्सअॅपवर. त्याचं "ओके" आल्याशिवाय फावडं लावायचं नाही. यातली कुठलीच गोष्ट महाग नाही. आरसा, टॉर्च, चेंडू, बुच आणि मोबाईल. पण गावातला दुसरा कोणी हे देत नाही. हाच तुमचा ब्रँड. व्हिजिटिंग कार्ड नंतर छापा.

फुटावर दर लावू नका

"सर, फुटाला काय घेऊ?" हा प्रश्न मला फार येतो. माझं उत्तर: सुरुवातीला फुटावर दर लावूच नका. फुटावर दर लावला की गिऱ्हाईक तुमची तुलना चर खणणाऱ्याशी करतं, आणि तुम्ही घाईने फूट संपवायला बघता. चाचणीला मग वेळच उरत नाही.

उदाहरण घ्या. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे दर टाका. साहित्य १४,०००, मजुरी १०,०००. थेट खर्च २४,०००. तुम्ही दहा टक्के लावून २६,४०० सांगितले. खूश. मग साइटवर दोनदा मोजायला गेलात, पेट्रोल गेलं. मध्येच कडक जांभा लागला, ब्रेकर भाड्याने आणला, दोन मजुरांचा एक दिवस वाढला. महिन्याने "जरा बघून जा" म्हणून फोन आला. ते २,४०० कधीच संपले. तुम्ही फुकट काम केलंत, आणि वर गावात सांगताय की धंदा सुरू आहे.

त्यापेक्षा असं करा. पाहणीचे पैसे वेगळे घ्या, काम मिळालं तर बिलात वळते करा. पाहणीत दोन ठिकाणी पहारीने खणून बघा, खाली माती आहे की जांभा ते कळेल. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: अमुक खोलीखाली कडक दगड लागल्यास तासाचा हा दर. परत एकदा येऊन तपासण्याचा खर्च आधीच धरा. पैसे तीन टप्प्यांत घ्या: साहित्यासाठी आगाऊ, चाचण्यांचे व्हिडिओ दिल्यावर दुसरा हप्ता, आणि थोडी रक्कम महिनाभर वापर झाल्यावर. ही शेवटची रक्कम राखून ठेवा असं तुम्हीच सुचवा. जो माणूस स्वतःचे पैसे मागे ठेवायला तयार असतो, त्याच्यावर चाकरमानी विश्वास ठेवतो.

आणि वर्षाला दोन फेऱ्यांचा करार मागा. एक अगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आणि एक पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या गर्दीआधी. बंद घरांसाठी चतुर्थीच्या आठवडाभर आधी तिसरी फेरी: ट्रॅपमध्ये पाणी भरणं, चेंबर उघडून बघणं, जाळी तपासणं. चर खणायचे दिवस दिवाळी ते मे. पावसाळ्यात हे करार तुमचं घर चालवतील.

"शिकान-सवरान गटारा खणतलंस?"

हे ऐकावं लागणार. घरातूनच ऐकावं लागेल. गुळमुळीत उत्तर देऊ नका.

हे काम हलकं, असं आपल्या डोक्यात कामामुळे बसलेलं नाही, जातीमुळे बसलंय. मैल्याशी संबंधित काम कोणी करायचं, हे शेकडो वर्षं जन्मावरून ठरवलं गेलं. त्याला याच कोकणातून उत्तर दिलं गेलंय. आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना आपण कोकण गांधी म्हणतो, ते १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम करू द्या, म्हणून त्यांनी अन्न सोडलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी मैल्याचं खत करणारा संडास घडवला, तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. संडासाची रचना हा विचार करायचा, डोकं लावायचा विषय आहे, हे आपल्या जिल्ह्याने फार आधी पाहिलंय.

पण याच्या दुसऱ्या बाजूला एक लक्ष्मणरेषा आहे. तुमच्याकडे लाइनीचं काम आलं की कोणीतरी म्हणणारच, "जरा टाकी पण साफ करून द्या." टाकीत माणूस उतरवायचा नाही. स्वतः उतरायचं नाही, मजुरालाही उतरवायचं नाही, झाकण उघडून "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणूनही नाही. आत विषारी वायू असतो, पहिला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम ३० लाख रुपये केली. पण मी तुम्हाला दंडाच्या भीतीने सांगत नाही. त्या टाकीत जो उतरतो, तो कोणाचा तरी मुलगा असतो, आणि बहुतेक वेळा त्याला "नाही" म्हणायची सोय नसते. टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवा. चरालाही हाच नियम: दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूने आधार द्या, आणि वाळूत त्याच्या आधीच द्या.

"पण सर…"

"पण सर, भांडवल?" लेव्हल पाईप, टेप, कटर, बुचं, फावडी, हातमोजे, बूट. ब्रेकर भाड्याने. सुरुवातीचं साहित्य गिऱ्हाईकाच्या आगाऊ पैशातून. म्हणून पहिल्या दिवशी कर्ज घेऊ नका. पाच-सहा कामं झाल्यावर अवजारांसाठी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, ५०,००० रुपयांपर्यंतचं, बघा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती मात्र लगेच करा. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला साधारणपणे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. आज त्याची चिंता नको, वही मात्र आजपासून ठेवा.

"पण सर, मला काम येत नाही." आयटीआयचा प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे. तेवढा वेळ नसेल तर चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली एक हंगाम काढा. मिस्त्रीकडे हात आहे, तुमच्याकडे हिशोब, फोटो आणि कोटेशन. भागीदारीही होऊ शकते. फक्त मिस्त्रीला मजूर समजू नका.

"पण सर, लोक स्वस्तात करणाऱ्याकडेच जातात." जातात. ज्याला स्वस्तच हवंय, त्याला जाऊ दे. वर्षभराने तोच तुम्हाला फोन करेल, आणि तेव्हा फरशी फोडायचेही पैसे देईल.

या आठवड्यात करायचं काम

कोणाला काही विकायला जाऊ नका. स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. टेप घ्या. शोषखड्डा ते तुमची विहीर, शोषखड्डा ते शेजाऱ्याची विहीर, दोन्ही अंतरं मोजा. चेंबर किती आहेत आणि किती उघडतात ते बघा. बाथरूमपासून टाकीपर्यंत लेव्हल पाईपाने उतार मोजा. कागदावर नकाशा काढा.

मग वाडीतल्या आणखी चार घरांचं हेच करा, फुकट. मालकाला नकाशा द्या, त्याच्या विहिरीचं अंतर त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तो कागद भिंतीवर लागेल. पाईप विकत घ्यायच्या आधी तो तुम्हालाच फोन करेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत टेप खिशात ठेवा.